ओव्हलची फेरी उन्हाच्या हिशेबाने आखा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की चर्चगेट-फोर्ट भागात जुन्या इमारती पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. शाळांच्या सहली येतात, हौशी छायाचित्रकार येतात, परगावचे पाहुणे घेऊन मुंबईकरही येतात. ३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक (एकोणिसाव्या शतकातल्या, दगडी, कमानदार) आणि आर्ट डेको (१९३०च्या दशकातल्या, काँक्रीटच्या) इमारतींच्या समूहाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. घारापुरी (१९८७) आणि व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४), यांच्यानंतरचा हा मुंबईतला तिसरा मान. समूहात ९४ इमारती आहेत. मात्र ही फेरी चुकीच्या वेळी आणि चुकीच्या क्रमाने केली जाते, त्यामुळे निम्मी नजरेतून निसटते. म्हणून हे सविस्तर पत्र.

बहुतेक मंडळी सकाळी आठला येतात. ऊन नको, गर्दी नको, हा हेतू योग्यच. पण ती थेट राजाबाई मनोऱ्यासमोरच्या पदपथावर जाऊन उभी राहतात, आणि तिथे अडचण होते. जुने सचिवालय, दीक्षान्त सभागृह, विद्यापीठ ग्रंथालय, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या सगळ्या इमारती ओव्हलच्या पूर्वेला आहेत आणि त्यांची तोंडे पश्चिमेला, मैदानाकडे आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो. दर्शनी भाग सावलीत आणि मागचे आकाश लख्ख, अशा स्थितीत कोरीवकाम डोळ्यांना नीट दिसत नाही आणि छायाचित्रात मनोरा काळाठिक्कर येतो. दुपारी साडेतीननंतर तेच दगड उजळतात. पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींचे नेमके उलट. त्यांची तोंडे पूर्वेला असल्याने त्यांच्यावर सकाळचे ऊन पडते.

ही रचना अशी का झाली, हे कळले की फेरीचा क्रमही आपोआप सुचतो. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६०च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. तटाबाहेरच्या मोकळ्या एस्प्लनेडच्या कडेने या सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली. तेव्हा समोर मैदान, पलीकडे रेल्वेलाइन आणि त्यापलीकडे बॅकबेचा समुद्र होता. पश्चिमेचा वारा आत यावा आणि ऊन-पाऊस बाहेरच राहावा म्हणून या बाजूला खोल कमानदार व्हरांडे ठेवले. पुढे बॅकबेच्या भरावाने समुद्र मागे हटला. कुलाब्यापर्यंत जाणारी लोकल १९३० अखेर बंद होऊन चर्चगेट हे शेवटचे स्टेशन झाले आणि मैदानाच्या पश्चिमेला १९३०च्या दशकात डेको इमारती आल्या. साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने बांधलेल्या या दोन रांगा बावीस एकरांच्या मैदानावरून एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांना महर्षी कर्वे आणि कर्मवीर भाऊराव पाटील अशा दोन शिक्षणमहर्षींची नावे आहेत आणि त्यातल्या कर्मवीरांच्या रस्त्यावरच मुंबई विद्यापीठ आहे, हा योगही मुलांना आवर्जून सांगावा.

एकच फेरी करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दुपारी साडेतीनला चर्चगेट स्टेशनवरून निघावे. मेट्रो ३ ने येणाऱ्यांनाही चर्चगेटच सोयीचे. स्वच्छतागृहाची गरज स्टेशनवरच उरकून घ्यावी, कारण पुढे दोन तास तशी भरवशाची सोय नाही. पाण्याची बाटली घ्यावी आणि शक्य असल्यास दुर्बिणही. साधी आठपट दाखवणारी पुरते. ती का, ते पुढे येईल.

पहिला थांबा इरॉस चित्रपटगृह. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची ही इमारत अगदी जवळून पाहण्यात अर्थ नाही. स्टेशनच्या बाजूच्या पदपथावरून पाहिले की मधला गोलाकार उंच भाग आणि दोन्हीकडे पसरलेले पंख एकदम नजरेत येतात. वास्तुविशारद सोहराबजी भेदवार, सुरुवात १९३८ ची. आग्र्याचा लाल वालुकाश्म आणि फिकट पिवळसर गिलावा अशी दुरंगी योजना आहे. इथे दहा मिनिटे पुरेत.

मग महर्षी कर्वे मार्गाने दक्षिणेकडे, इमारतींच्या बाजूच्या पदपथाने चालावे. दुपारी इथे सावली असते. दर्शनी भागावर थेट ऊन नसल्याने पूर्ण इमारतीचे छायाचित्र तितके खुलत नाही, पण बारकावे पाहायला हा सौम्य, सारखा प्रकाशच चांगला. शिवशांती भुवन, स्वस्तिक कोर्ट, रज्जब महल, एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू ही नावे वाचत जावे, आणि नावांची अक्षरेही पाहावीत. ठाशीव, सरळ रेषांची ती अक्षरे इमारतीच्या आराखड्याचाच भाग असतात. एम्प्रेस कोर्ट जी. बी. म्हात्रे यांची. मरीन ड्राइव्हवरचा सूना महलही (१९३७) त्यांचाच. मुंबईच्या आर्ट डेकोला आकार देणाऱ्यांत या मराठी वास्तुविशारदाचे स्थान फार वरचे आहे, आणि ते नाव मराठी वाचकांनाच कमी ठाऊक असावे याची आम्हाला खंत वाटते.

या रांगेत पाचच गोष्टी शोधायला सांगितल्या तरी मुले रमतात : खिडकीवरचा भुवईसारखा पुढे आलेला छज्जा, गोल वळवलेला बाल्कनीचा कोपरा, भिंतीवरून आडव्या धावणाऱ्या तीन समांतर पट्ट्या, जिन्यापुढची उंच उभी खिडकी आणि लोखंडी जाळीतली नक्षी. जाळ्यांमध्ये लाटा, उगवता सूर्य, कारंजे असे आकार वारंवार येतात. एका फाटकाशी थांबून जाळीच्या पट्ट्या कुठे रिव्हेट केल्या आहेत आणि कुठे वेल्डिंग आहे हे पाहावे. मूळ काम आणि नंतरची दुरुस्ती यांतला फरक तिथेच कळतो. फाटकाच्या आत मात्र पाऊल टाकू नये. या राहत्या इमारती आहेत. उघड्या दारातून टेराझोची (दगडाच्या कपच्या घालून घोटलेली) जमीन दिसली तर बाहेरूनच पाहावी.

छज्जाची कड विशेष पाहण्यासारखी आहे. मुळात ती जेमतेम काही बोटे जाड, सुबक आणि सरळ असते. आरसीसीचे, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे, हे काम नव्वदीला आले आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून आत झिरपते, सळई गंजते, गंजाने तिचे आकारमान वाढते आणि वरचा थर फुगून निखळतो. दुरुस्ती करताना खराब काँक्रीट काढून सळई साफ करून मूळ मापातच नवा थर द्यायला हवा. घाईत वरूनच सिमेंटचे लेप चढवले की छज्जा दुप्पट जाड होतो आणि इमारतीचा सगळा हलकेपणा जातो. बंद केलेल्या बाल्कन्या, लाकडी खिडक्यांच्या जागी आलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, छज्जावर ठेवलेली एसीची यंत्रे ही आणखी तीन दुखणी. शेजारशेजारच्या दोन इमारती ताडून पाहिल्या की हे कोणालाही ओळखता येते. फेरीत हे दाखवायलाच हवे. वारशाचे नुकसान एखादी इमारत पडल्यानेच होते असे नाही.

मैदानाच्या दक्षिण टोकाला कूपरेजच्या बाजूने वळसा घालून सव्वाचारच्या सुमारास भाऊराव पाटील मार्गावर यावे. मधेच कुठेतरी महर्षी कर्वे मार्ग ओलांडण्याचा मोह टाळावा. तिथे वाहने वेगात असतात. सिग्नलवरच ओलांडावे. ओव्हलला बाहेरून पूर्ण फेरी साधारण दीड किलोमीटरची आहे, म्हणजे चालणे अवघड नाही. वेळ लागतो तो थांबण्यात, आणि तो लागू द्यावा.

आता सूर्य समोरच्या भिंतींवर असतो. पहिले जुने सचिवालय, आजचे शहर दिवाणी व सत्र न्यायालय. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा आराखडा, बांधकाम १८६७ ते १८७४. व्हेनिसच्या धर्तीच्या गॉथिक कमानी आणि १७० फुटी मनोरा. एका मजल्यावरची कमान वरच्या मजल्यावर कशी बदलते एवढेच पाहिले तरी नजर तयार होते.

त्यापुढे दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय. दोन्हींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. नकाशे लंडनमधून आले आणि इथल्या अभियंत्यांनी व पाथरवटांनी ते दगडात उतरवले. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी एक लाख रुपये दिले. ते १८७४ मध्ये पुरे झाले. त्याच्या मोठ्या गोल खिडकीच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत, पण बाहेरून काचा गडदच दिसतात. त्यांचे रंग आतूनच कळतात आणि आत जायला परवानगी लागते. सभागृहाच्या आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरचे दगडी गोल जिने मात्र रस्त्यावरून स्पष्ट दिसतात. उघड्या कमानींतून पायऱ्यांची चढण वर सरकताना दिसते आणि तिरपे ऊन नेमके त्या फटींतून आत शिरते. या वेळेला इथे दहा मिनिटे नुसते उभे राहावे.

राजाबाई मनोऱ्याची पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली आणि तो नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. नाव त्यांच्या आईचे. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. पदपथावरून पाहिले तर मान मोडते आणि वरचा निम्मा भाग खालच्या भागाआड जातो. मनोऱ्यापासून दीडशे ते पावणेदोनशे मीटर मागे गेलात की मान पंचवीस-तीस अंशच वर करावी लागते आणि खालपासून टोकापर्यंत सगळे एका नजरेत मावते. इतके मागे जायचे म्हणजे ओव्हलच्या आतच जायला हवे. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत, प्रत्येक सुमारे आठ फुटी. त्यांचे नमुने सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. पगड्या, अंगरखे, उपरणी नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. दुर्बीण सांगितली ती यासाठी. वर चढायला लोकांना परवानगी नाही, त्यामुळे तशी आशा घेऊन येऊ नये.

शेजारी उच्च न्यायालय. कर्नल जेम्स फुलर यांची ही इमारत एप्रिल १८७१ ते नोव्हेंबर १८७८ या काळात बांधली गेली. लांबी ५६२ फूट, खर्च १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये. पश्चिमेच्या प्रवेशकमानीच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे आहेत आणि माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला याच इमारतीच्या मध्यवर्ती न्यायदालनात चालला. २२ जुलैला रात्री शिक्षा सुनावली गेली, सहा वर्षे, आणि पुढे मंडाले. दालनाबाहेर टिळकांचे त्या वेळचे उद्गार कोरलेला फलक आहे. इतक्या जवळून जाणाऱ्या मराठी मुलांना रस्त्यावर याचा काहीच पत्ता लागू नये, हे आम्हाला सर्वांत जास्त सलते. कामकाजाच्या दिवशी आत जायचे तर ओळखपत्र, तपासणी आणि शिस्त आलीच. छायाचित्रे घेता येत नाहीत. मोठा गट घेऊन आयत्या वेळी दाराशी जाऊ नये. आधी परवानगीची चौकशी करावी. आतल्या खांबांवर एक डोळा झाकलेले माकड तराजू धरून बसले आहे, आणि ते नाराज कंत्राटदाराने सूड म्हणून कोरवले असे सांगितले जाते. मार्गदर्शकांनी ती दंतकथा म्हणूनच सांगावी. गॉथिक कामात प्राण्यांची अशी व्यंगचित्रे कोरण्याची जुनी चाल आहे.

या सगळ्या भिंतींवर तीन-चार दगड ओळखायला शिकावे. काळा-निळसर कठीण तो बेसाल्ट, आपला सह्याद्रीचाच पाषाण. फिकट पिवळसर ते कुर्ला आणि मालाडचे दगड. पांढरट, मऊ तो पोरबंदरचा चुनखडक. मऊ असल्याने नाजूक नक्षी त्यातच कोरली गेली आणि झिजतेही तीच आधी. मूळ सांधे चुन्याचे आहेत. चुना श्वास घेऊ देतो, भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने भरले की ओल सांध्याऐवजी दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांध्याचा रंग करडा आणि कड दगडापेक्षा पुढे आलेली दिसली तर तिथे सिमेंट आहे असे समजावे. भेगेत उगवलेल्या पिंपळाचे रोप नुसते उपटून भागत नाही. मूळ आत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते.

पाचच्या सुमारास मैदान आडवे ओलांडणाऱ्या पायवाटेने ओव्हलच्या मध्यावर यावे. सुट्टीच्या दिवशी इथे एकाच वेळी अनेक सामने चालू असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. चेंडू लेदरचा असतो. त्यामुळे वाट सोडून मधून चालू नये, गोलंदाज धावत असताना थांबावे आणि पाठ कधीही फलंदाजाकडे करू नये. इथून दोन्ही रांगा एकत्र दिसतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास असतो. सूर्य खाली येतो तशी डेको इमारतींची सावली मैदानावरून पूर्वेकडे सरकत जाते आणि शेवटच्या अर्ध्या तासात समोरच्या इमारतींच्या पायथ्याशी पोहोचते. व्हरांडे अंधारतात आणि मनोऱ्यांची टोके उन्हातच राहतात. म्हणूनच क्रम आधी खालचे कोरीवकाम, मग मैदानातून मनोरा असा ठेवायचा. उलट केले तर व्हरांड्यांपाशी येईपर्यंत प्रकाश गेलेला असतो.

पायात बळ उरले असेल तर वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे हुतात्मा चौकापर्यंत जावे. जाताना क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिखा बेहरामची विहीर लागते. १७२५ ची, समुद्र जवळ असूनही गोड्या पाण्याची. आत प्रवेश फक्त झरथुष्ट्री धर्मीयांना आहे. चौकातले फ्लोरा कारंजे १८६४ चे, पोर्टलंडच्या दगडातले. अलीकडच्या दुरुस्तीच्या वेळी खोदकामात इथे ट्रामचे जुने रूळ सापडले. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली होती. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे गोंगाट न करता थांबावे. परतीला याच चौकाचे मेट्रो स्टेशन आहे.

डेकोसाठी वेगळी सकाळ काढता आली तर साडेसात ते साडेनऊ या वेळात मैदानाच्या बाजूने पाहावे. एप्रिल-मे टाळावा. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, पण भिजलेल्या दगडांचे रंग उठून दिसतात. तेव्हा पदपथावरून फक्त अर्धी फेरी करावी. आणि याच दिवशी गेटवे, संग्रहालय आणि टर्मिनसही उरकण्याचा बेत करू नये. चौथ्या इमारतीनंतर कोणालाच काही दिसेनासे होते.

महापालिका आणि पर्यटन विभागाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक इमारतीसमोर मराठीत आधी आणि ठळक लिहिलेला, मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरून वाचता येईल इतक्या उंचीचा, तिरपा फलक असावा. त्यावर वर्ष, वास्तुविशारद, दगड आणि पाहण्याची योग्य वेळ एवढेच असावे. तो मैदानाच्या कुंपणाजवळ बसवावा, इमारतीच्या भिंतीला खिळे ठोकून नव्हे. पायवाट जिथे भाऊराव पाटील मार्गाला मिळते तिथे पादचाऱ्यांसाठी पट्टे आणि सिग्नल हवा. विद्यापीठासमोरच्या पदपथालगतची वाहने निदान शनिवार-रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळात तरी हलवावीत, कारण खालच्या कमानी आज गाड्यांच्या टपांआड जातात. टिळकांच्या खटल्याची माहिती न्यायालयाच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशी लावायला न्यायालय प्रशासनाने संमती द्यावी. मोठा खर्च यातल्या कशालाच नाही, आणि येत्या थंडीच्या आत निदान फलक तरी बसू शकतात.

आपले नम्र,
ओव्हल-फोर्ट परिसरात वारसा फेऱ्यांचे मार्गदर्शन करणारे काही वाचक, मुंबई